कालवणात मीठ जास्त

वाचनालयाची पुस्तकं घरोघरी पोचवायला मी दर रविवारी होडीनं फिरते; सगळे मला चेची, म्हणजे ताई, म्हणतात. काल ओमनाच्या दारात तिचा नवरा शिवन तिचाच मोबाइल घेऊन उभा होता.

"चेची, ही तुमच्या वेबसाइटवर सारखं 'कालवणात मीठ जास्त' हेच काय शोधते? आणि दर वेळी एकच पुस्तक येतं, 'घरगुती उपाय'. भानगड काय आहे? दाखवा बघू ते."

त्यानं माझ्या पिशवीला हात घातला. दाराआड सुजल्या ओठाची ओमना थिजून गेली.

ओसरीवर नारळ खवत बसलेली त्याची आई, कार्त्यायनी अम्मा, कडाडली, "मीच शोधायला लावलं! मिठाचा अंदाज आहे का तुझ्या बायकोला? रोज तूच खातोस ना ते खारट कालवण?"

"तेच तर म्हणतो मी!" शिवन खूश झाला. त्यानं हात मागे घेतला.


बायकोला मारणाऱ्या नवऱ्यावर कोणती कलमं लागतात, ते सांगणारं पुस्तक मी वेबसाइटवर 'घरगुती उपाय' या नावाखाली लपवलंय, आणि ते फक्त त्या तीन शब्दांनीच सापडतं.

ते शब्द मला कार्त्यायनी अम्मांनीच सुचवले होते.