एकाच देवकाची झाडं

मधमाश्या संपल्यापासून जावळीच्या डोंगरावरच्या बदामबागेत फुलाफुलाला ब्रशनं पराग लावायचं काम चाळीस बायका करायच्या. यंदा अर्धा बहर झडला तरी एक फळ धरलं नाही, तेव्हा व्यवस्थापक इंगवले यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"तापमान बरोबर आहे, पराग जिवंत आहे," ते हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाले. "म्हणजे हयगय तुमची. उद्यापासून येऊ नका."

ओळीतल्या शेवंताबाईंनी ब्रश त्यांच्या पायाशी टाकला. "साहेब, तुमच्या घरी देवक एकच निघालं तर सोयरीक करत नाहीत ना? मग इथं सगळी बाग एकाच झाडाची कलमं कशी? आपल्याच रक्ताचा पराग बदाम घेत नाही. तीन वर्षांपूर्वी ओरडून सांगितलं होतं. तरी दुसऱ्या जातीची झाडं तुम्ही तोडलीत, फळ कमी देतात म्हणून. त्यांचा साठवलेला पराग गेल्या वर्षी संपला."

"काश्मीरहून त्या जातीचा पराग मागवतो."

"तिथल्या थंडीत ती महिन्यानं फुलणार. इथला बहर चार दिवसांत संपेल."

इंगवल्यांची नजर कुंपणापलीकडे गेली. शेवंताबाईंच्या अंगणात एक बदाम पांढराशुभ्र फुलला होता.

"ते झाड आमच्या बागेतलं आहे," ते म्हणाले.

"तोडलेली लाकडं सरपण म्हणून आम्हाला वाटलीत. त्यातल्या डहाळीचं मी कलम केलं."

इंगवले कुंपणाकडे निघाले. त्यांच्याआधी चाळीसजणी झाडाभोवती जाऊन बसल्या.

"मागणी घालायची रीत असते, साहेब," शेवंताबाई म्हणाल्या. "चपला बाहेर काढा, खाली बसा, आणि मग विचारा."