थोडं खाली

लॉस एंजेलिसच्या फ्रीवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि मार्लाची कंबर ठणकत होती. दुखणं जुनंच, पण अशा खोळंब्यात ते थेट पायापर्यंत उतरायचं.

"येतेस, की मी एकटाच जेवून घेऊ?" फोनच्या स्पीकरवरून तिच्या नवऱ्याने, ड्वेनने, विचारलं.

"या गर्दीलाच विचार. कंबर पार गेलीय माझी."

तेवढ्यात सीटच्या पाठीतून काहीतरी तिच्या कमरेवर दाबलं गेलं. अंगठ्यासारखं, आणि नेमकं दुखऱ्या जागी. मार्ला दचकली. तिने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. उतरावं तर दार उघडायलाही जागा नव्हती; दोन्ही बाजूंना गाड्या खेटून उभ्या होत्या.

अंगठा गोल फिरू लागला. एकाही डॉक्टरला न सापडलेली गाठ त्याला सापडली. ठणका ओसरला. भीती वाटत होती, तरी तिचे डोळे आपोआप मिटले आणि तोंडून निघून गेलं, "थोडं खाली."

अंगठा खाली सरकला.

"मार्ला," ड्वेनचा आवाज एकदम बारीक झाला, "गाडीत कोण आहे तुझ्याबरोबर?"

"कुणी नाही. का रे?"

"मग आत्ता 'इथे का?' असं कोण म्हणालं?"