काकांच्या घरात हालचाल नाही

मदतपथकाची माणसं दाराची कडी तोडून आत शिरली, तेव्हा काका आरशासमोर बसून दाढी करत होते.

"वाजवलं असतं तर उघडलं असतं की," ते म्हणाले. अर्ध्या गालावर फेस तसाच होता.

"चांगलं धडाधडा वाजवलं," पथकातला एक जण म्हणाला. "तुम्ही कुठे होता?"

"इथेच."

दुसऱ्या दिवशी पथक पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मुळेबाईंना बोलावून घेतलं.

बाईंचं आडनाव मुळे नव्हतं. पण प्रोग्राममध्ये काही बिघडलं की मुळाशी गेल्याशिवाय त्या कशालाही हात लावायच्या नाहीत, म्हणून ऑफिसात त्यांना हे नाव चिकटलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांवर लक्ष ठेवायचं, हे कंपनीचं काम. खोल्याखोल्यांत छोटे सेन्सर असत. समोरून कुणी गेलं की सर्व्हरला निरोप जायचा, आणि बराच वेळ कुणीच गेलं नाही की पथकाला. काकांच्या घरात मंगळवारपासून हालचाल नव्हती.

"म्हातारा तर टुणटुणीत आहे," साहेब म्हणाले. "पथकवाले वैतागलेत. तेवढ्या घराची सूचना बंद करून टाका ना."

"ते तोंड दाबणं झालं, साहेब. इलाज नाही झाला."

"बरं, मग बिघडलंय काय? प्रोग्राम तर आपण बदललेला नाही."

"सेन्सरही उन्हाळ्यात बसवले तेच आहेत. सोमवारपर्यंत सगळं सुरळीत होतं." बाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला. "काहीतरी बदलल्याशिवाय बिघडत नाही. काय बदललं ते कळू दे, मग हात लावते."

काकांनी दार उघडलं आणि आधी बाईंकडे नीट बघून घेतलं. "मी दिसतोय ना तुम्हाला?"

बाई हसल्या. काका हसले नाहीत.

ते नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हीच त्यांची नोकरी. "जन्मभर कुणाला दिसू नये म्हणून पगार घेतला," ते म्हणाले. "आता फुकटात जमायला लागलंय. परवा दुकानाचं ते आपोआप सरकणारं दार माझ्यासाठी उघडेना. मागून एक बाई आली तेव्हा उघडलं. माझ्याकडे न बघताच ती आत गेली. तेव्हापासून अधूनमधून मनगटावर बोटं ठेवून नाडी बघतो."

"लागते ना?"

"लागते. पण बघणारा मीच."

बाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला. "काका, या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारा. मी सांगेपर्यंत थांबू नका."

काका चालू लागले. त्यांच्या पावलांचा आवाज होत नव्हता. विंगेतली सवय असणार. खोलीत ते आहेत की गेले, हे बाईंना मान वळवून पाहिल्याशिवाय कळेना. प्रत्येक फेरीला सेन्सरवरचा लाल ठिपका मात्र लुकलुकत होता. म्हणजे सेन्सरला ते दिसत होते. बाईंनी लॅपटॉपवर काकांच्या घराचं पान उघडलं. हालचाल नाही.

"काय म्हणतंय?" काका त्यांच्या खांद्यामागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, बाईंना समजलंच नव्हतं.

"बघतेय अजून," बाई म्हणाल्या आणि पान मिटलं.

परतताना बसमध्ये त्यांनी सवयीने आत्याच्या घराचं पान पाहिलं. आईमागे आत्यानेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, आणि तिच्याकडेही कंपनीचेच सेन्सर होते. बाईंनी फोन केला की ती करवादायची. "घरभर फिरतेय ते दिसतं ना तुला? मग फोन कशाला?" म्हणून फोन हळूहळू कमी झाले होते. आज तर स्वारीच्या पायाला भिंगरी लागलेली दिसत होती. गुडघे बरे आहेत म्हणायचे, असं मनाशी म्हणत बाईंनी फोन पर्समध्ये टाकला.

ऑफिसात त्या एकेक पायरी तपासत गेल्या. सेन्सरला काका दिसले, हे नक्की. घरातून निरोप निघाला, हेही नक्की. सर्व्हरपर्यंत पोचला का? पोचला होता. काकांची प्रत्येक फेरी तिथे होती. फक्त काकांच्या नावावर त्यातली एकही नव्हती. बाईंनी निरोपावरचा सेन्सरचा नंबर घेतला आणि तो कुठल्या घराला जोडलाय ते पाहिलं.

मग त्यांनी पर्स जवळ ओढून घेतली.

"सापडलं?" साहेब मागे येऊन उभे राहिले.

"उन्हाळ्यात फिटरने एकाच फेरीत दोन घरं केली. सेन्सरची अदलाबदल झाली. काकांची हालचाल त्या दुसऱ्या घराच्या नावावर लागतेय. आणि त्या घराची काकांच्या."

"हात्तिच्या, एवढंच?" साहेब हसले. "मग इतके महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"दोन्हीकडे माणूस हिंडतंफिरतं होतं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सारखंच." बाईंचा आवाज सपाट झाला होता. "मंगळवारी आपलं काहीच बिघडलं नाही, साहेब."

साहेबांचं हसू ओसरायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी घाईने टेबलावरचा फोन उचलला. "पथकाला पाठवतो. दार तोडावं लागेल. पत्ता सांगा."

बाई उठल्या.

"तोडायला नको," त्या म्हणाल्या. "किल्ली आहे माझ्याकडे."