माणशी दहा मार्क

"पुढे कोण?" लाझरनं बँकेच्या खिडकीतून हाक दिली.

काम सोपं होतं. घेटोतल्या, म्हणजे ज्यूंच्या कुंपणाआडच्या वस्तीत चालणाऱ्या नोटा आत घ्यायच्या, माणशी दहा खरे जर्मन मार्क बाहेर द्यायचे, सही घ्यायची. उद्या सकाळच्या गाडीनं हजार माणसं पोलंडमधलं लोद्झ शहर सोडून जाणार होती. कुठे, ते कुणी सांगत नव्हतं.

एवढी रांग, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. दारातला जर्मन शिपाई आज चक्क "कृपया पुढे सरका" म्हणत होता. एरवीची त्याची लाथ बरी, पण या "कृपया"नं लोक आणखीच अंग चोरत होते.

म्हातारा शिंपी पिंखस पुढे आला. ज्यूंचा तारा छापलेल्या नोटांची चवड त्यानं सरकवली. "घे बाबा. या कागदानं कुंपणाबाहेर कुणी नाकसुद्धा पुसणार नाही." मग हळूच विचारलं, "दहा मार्कांत तिकडे पाव किती येतील रे?"

"वीस तरी येतील."

"वीस!" म्हाताऱ्यानं नोट छातीशी धरली आणि वाट मोकळी केली.

त्याच्यामागे गितला उभी होती, लाझरची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तिचं नाव जाणाऱ्यांच्या यादीत होतं, त्याचं नव्हतं.

"मी नाही जात," ती खिडकीला तोंड लावून पुटपुटली. "शेजारच्या झेल्डाच्या तळघरात कोळशामागं जागा आहे. दुपारपर्यंत सांग म्हणाली. नंतर ती दुसऱ्या कुणाला देणार."

"डोकं फिरलंय का तुझं? लपलीस की रेशन बंद. ऐन जानेवारीत, कोळशात, उपाशीपोटी! आठवडा नाही काढायचीस."

"आणि तिकडे?"

"अगं, मारायचंच असतं तर खिशात पैसे घालून कोण पाठवतं? जर्मन आहेत ते! फुकट दमडी सोडतात का कधी?"

मागची दोन माणसं हे ऐकून एकमेकांकडे बघू लागली. त्यांतली एक बाई म्हणाली, "खरंच की!" तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

गितलानं लेखणी उचलली. मग हसली. "शेंबूड मी पुसला तुझा, आणि अक्कल तू शिकवतोस होय रे मला?" तिनं सही केली. "तिकडे काम मिळालं की पहिल्या पगारातून लोकरीचे मोजे पाठवते. तुझे पाय बर्फासारखे असतात."

झेल्डाला नको म्हणून सांगायला लाझर स्वतःच धावत गेला. उगाच तिचं मन पुन्हा बदलायला नको.

सकाळी गाडी गेली. लाझरला रडू आलं, पण जिवाला बरंही वाटलं. बहीण निदान पोटभर जेवेल. त्याचं ते बोलणं एव्हाना घरोघर पोचलं होतं. लपून बसलेली तीन कुटुंबं आपण होऊन पुढच्या गाडीसाठी हजर झाली. वाटेत भेटणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा, मारायचंच असतं तर पैसे कोण देतं?

दुसऱ्या दिवशी जर्मन कचेरीतला माणूस पुढच्या गाडीसाठी पैशांची पेटी घेऊन आला. गोरागोमटा, मवाळ बोलणारा. त्यानं टोपी काढून सुप्रभात म्हटलं. लाझरनं नोटा मोजल्या. हजार माणसं, दहा हजार मार्क. हिशेब चोख होता.

"साहेब, यादीवर अजून दहा गाड्या आहेत," लाझर अदबीनं म्हणाला. "हे एकीचे झाले. बाकीच्या नऊंचे नव्वद हजार कधी येतील? म्हणजे पावत्या आधीच करून ठेवतो."

त्या माणसानं पावतीवरच्या ओल्या सहीवर हलकेच फुंकर मारली.

"नव्वद हजार कशाला? हेच दहा हजार पुरतात. गाडी गेली की संध्याकाळी याच नोटा परत येतात."