दुसरा खातेदार

"हीट पंप कितीवर आहे?"

"वीस," विनया म्हणाली.

मकरंदने टेबलावरचा रिमोट उचलला, खोली गरम करणारा तो पंप बंद केला आणि रिमोट जॅकेटच्या खिशात टाकला. "सोमवारी हा जुना महाग दर संपतोय. तोवर दोन स्वेटर घाल."

विनयाने फार्मसीचा युनिफॉर्म अजून बदलला नव्हता. शनिवारची शिफ्ट संपवून ती घरात आली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात खोलीचं तापमान बावीस अंश दिसत होतं आणि मकरंद अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये बसला होता. पंप वीसवर तिनेच आणला होता. जॅकेट त्याने तिच्यासमोर चढवलं.

"बस. फॉर्म तुलाच भरावा लागणार. अकाउंट मॅडमच्या नावाने आहे ना."

मॅडम म्हणण्याआधी तो नेहमी जरा थांबायचा. ऑकलंडला ती आधी आली होती, तो दहा महिन्यांनी. तेव्हापासून विजेच्या बिलावर तिच्या नावाखाली त्याचं नाव होतं.

ती बसली. लॅपटॉपवर त्याने केलेला तक्ता उघडा होता. नवीन कंपनी, दोन वर्षं पक्का दर, युनिटला सव्वीस सेंट. जुन्याच कंपनीत राहिलं तर सदतीस. उजवीकडे आणखी एक रकाना होता. त्यावर लिहिलं होतं, 'वि. आंघोळ'. खाली तारखा आणि मिनिटं. नऊ. बारा. चौदा.

"हे काय आहे?"

"डेटा. गरम पाण्यावर किती जातं ते कळायला नको?"

"तू बाथरूमबाहेर घड्याळ घेऊन उभा असतोस?"

"फोनमध्ये टायमर असतो, विनया."

"तुझा रकाना कुठाय?"

"मी ऑफिसच्या जिममध्ये करतो." तो हसला. "चौदा मिनिटं. एवढं काय धुतेस?"

तिने तक्ता बंद केला आणि फॉर्म उघडला.

लॅपटॉपशेजारी निळी फाइल होती. बायकोच्या आधारावर मकरंदने केलेला रेसिडेन्सीचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता, आणि दोघं एकत्र राहतात याचे पुरावे त्या फाइलमध्ये होते. लग्नाचे फोटो, घरभाड्याचा करार, विजेची तेवीस बिलं, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. व्हिसाच्या सल्लागाराने बजावून सांगितलं होतं, अधिकारी आता अगदी ताजी बिलं मागतील. ऑगस्टचं आणि सप्टेंबरचं, दोघांच्या नावाने. पुढची दोन पाकिटं मकरंदने आधीच लावून ठेवली होती.

पत्ता. मीटरचा नंबर. तिची जन्मतारीख. प्रत्येक रकाना ती भरल्यावर पुन्हा वाचत होती. कामावर तीच सवय होती. पाच वर्षं येणारा पेशंट समोर असला तरी ती औषधाची पिशवी हातात देण्याआधी त्याला नाव विचारायची. चुका अनोळखी लोकांच्या बाबतीत फारशा होत नाहीत. जिथे नाव विचारायची गरज वाटत नाही, तिथे होतात.

चौथ्या पानावर प्रश्न होता: या अकाउंटवर दुसरा खातेदार हवा आहे का? हो आणि नाही, दोन्ही गोल रिकामे होते.

"मकरंद, इथे नावाचं विचारतायत."

तो फोनवर क्रिकेट बघत होता. "कसलं नाव?"

"दुसरा खातेदार. तुझं नाव परत घालावं लागेल बहुतेक. तुझ्या लायसन्सचा नंबरही लागेल."

"लायसन्स गाडीत आहे. आणि परत कशाला? नवीन कनेक्शन नाहीये हे, स्विच आहे. मीटर तोच, पत्ता तोच. जुन्या कंपनीकडचा सगळा डेटा यांच्याकडे येतो."

"मला नाही वाटत नाव येतं."

"तुला वाटत नाही." आता त्याने वर पाहिलं. "अकरा वर्षं मी एका सिस्टिममधून दुसरीत डेटाच हलवतोय. तू गोळ्या मोज."

बाहेर शेजारच्या मुलाने चेंडू कुंपणावर मारला. पुन्हा मारला.

विनयाने लॅपटॉप उचलून त्याच्याकडे वळवला. "एकदा स्वतः वाचून घे."

त्याने एका बोटाने तो तिच्याकडे परत फिरवला. स्क्रीनकडे पाहिलंही नाही. "नेक्स्ट दाब गं. एका फॉर्मला अर्धा तास. पेशंट काय करत असतील तुझे."

तिचे हात गार पडले होते. तिने ते मांड्यांखाली घेतले, थोडी ऊब धरेपर्यंत तसेच ठेवले. त्याच्यासाठी फाइलमधलं प्रत्येक पाकीट तिने भरलं होतं. दोन वर्षं, न चुकता, बिल आलं त्या दिवशी.

नाव दोनदा विचारायचं, असा फार्मसीत नियम होता. तिसऱ्यांदा विचारायचं, असा नव्हता.

तिने हात बाहेर काढला आणि 'नाही'वर टिचकी मारली. शेवटच्या पानावर सगळी माहिती एकत्र आली. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली. खातेदार: एक. मग पाठवून दिली.

"झालं?"

"झालं."

"बघ. उगाच घोळ घालत होतीस." त्याने निळी फाइल तिच्याकडे सरकवली. "पहिलं बिल आलं की आधी यात लाव. विसरशील."

"नाही विसरणार."

तिने हात पुढे केला. "रिमोट दे."

"अगं, सोमवार..."

"रिमोट."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी त्याने खिशात हात घातला. "घ्या मॅडम," तो म्हणाला आणि परत फोनकडे वळला.

विनयाने पंप सुरू केला. वीसवरून एकवीस, एकवीसवरून बावीस.