खांद्यावरचा हात

पहिल्या निवडणुकीच्या पोस्टरसाठी साहेबांनी जोडीचा फोटो दिला आणि त्यातून बायकोला कापायला सांगितलं. "बाई शेजारी असली की माणूस मवाळ दिसतो."

डिझायनर घुटमळला. "वहिनींचा हात राहतोय तुमच्या खांद्यावर."

"राहू दे. घरंदाज दिसतं."

चहा घेऊन आलेल्या बायकोने हे ऐकत दोघांपुढे कप ठेवले. मग चौकाचौकात तिच्या बांगड्या तेवढ्या झळकल्या.

यंदा कोर्टाने साहेबांना निवडणूक लढवायला बंदी घातली, म्हणून त्यांनी तिला उभं केलं. अर्ज मागे घ्यायची मुदत टळली, तसा तिने डिझायनरला जोडीचा दुसरा फोटो दिला आणि साहेबांना कापायला सांगितलं.

"वहिनी, साहेबांचा हात राहतोय तुमच्या खांद्यावर," तो चाचरला.

तिने शेजारी बसलेल्या साहेबांपुढे चहा सरकवला आणि म्हणाली,



"राहू दे. घरंदाज दिसतं."