सात नंबरचा डबा

नागपूरच्या पोरी हैदराबादला अमेरिकन फुटबॉलची मॅच खेळायला गेल्या आणि ओरडायला आम्ही बारा जण गाडी करून मागोमाग. सोबत धनश्रीची आई, मैनाकाकू. अख्खी मॅच काकू उभ्याच होत्या. सात नंबरची जर्सी धावली की म्हणायच्या, "पळ वं धनश्री, पळ."

मॅच संपली. पोरी हेल्मेट काढू लागल्या, तशी काकूंनी मैदानाकडे पाठ केली.

"माझे गुडघे दुखून राहिले गा. मी गाडीत बसतो. हा डबा तूच तिले देऊन ये. तिखट पुऱ्या आहेत."

सात नंबरनं डबा घेतला आणि हेल्मेटच्या आतूनच विचारलं, "काकू बसल्या गाडीत?"

"बसल्या."

तेव्हा कुठे ऋतुजानं हेल्मेट काढलं. जर्सी धनश्रीचीच. तिला जाऊन येत्या पोळ्याला वर्ष होईल.